सिंगरच्या जुन्या अटॅचमेंट: कोणती कोणत्या मशीनला बसते आणि घ्यावी कोणती

जुन्या सिंगर शिलाई मशीनबरोबर आलेली अटॅचमेंटची, म्हणजे खास कामांसाठी मशीनला लावायच्या सुट्या साधनांची पेटी आज विकत घ्यावी का? घ्यावी, पण पेटीवर 'सिंगर' लिहिलंय एवढ्यावर नाही. या पेट्यांतलं काम इतकं नेटकं आहे की साठ-सत्तर वर्षांनंतरही रफलर एकसारख्या चुण्या पाडतो आणि काजाचं यंत्र शंभरावं काज पहिल्यासारखंच काढतं. मात्र त्यांतली अर्धी वस्तू तुमच्या मशीनला बसणारच नाही, अशी शक्यता नेहमी असते. सिंगरने एकाच नावाखाली निरनिराळ्या उंचीच्या आणि निरनिराळ्या बाजूंनी बसणाऱ्या अटॅचमेंट विकल्या. म्हणून आधी मशीन ओळखायचं, मग वस्तू.

ओळख शँकपासून सुरू होते. फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, ज्या उभ्या दांड्याला लावतो त्या दांड्यावर बसणारा अटॅचमेंटचा उभा भाग म्हणजे शँक. फूट खाली टेकवा आणि सुईच्या प्लेटपासून फूट आवळायच्या स्क्रूच्या मध्यापर्यंत पट्टीने मोजा. साधारण १२ ते १९ मिलिमीटर आलं तर मशीन लो शँक. २५ ते ३२ च्या आसपास आलं तर हाय शँक. स्लँट शँकचं माप २८-२९ मिलिमीटर येतं, म्हणजे नुसत्या आकड्यावरून ते हाय शँक वाटू शकतं. फसगत इथेच होते. तेव्हा मोजल्यावर मशीनकडे बाजूने पाहा. सुईचा दांडा सरळ उभा नसून सुईचं टोक शिवणाऱ्याच्या दिशेने झुकलेलं असेल तर ते स्लँट, मग माप काहीही येवो.

सिंगरची घरगुती सरळ टाक्याची बहुतेक मशीनं लो शँकची आहेत: १५, २७, २८, ९९, १२७, १२८, २०१, आणि फेदरवेट म्हणून ओळखलं जाणारं २२१ व त्याचं भावंड २२२. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये १५ क्रमांकाच्या नमुन्यावर जी असंख्य मशीनं निघाली, त्यांनाही हीच अटॅचमेंट लागते, मग वर नाव कोणतंही असो. स्लँट शँकची सुरुवात १९५२ मध्ये आलेल्या ३०१ पासून. पुढची ४०१, ४०३, ४०४, ५०० आणि ५०३ त्याच घराण्यातली. ३१ सारखी शिलाई कारखान्यांतली मशीनं हाय शँक.

६६ क्रमांकाबद्दल सावध राहायला हवं. लाल नक्षीमुळे 'रेड आय' म्हणून प्रसिद्ध असलेल्या सुरुवातीच्या अमेरिकी ६६ मशीनवर फूट डाव्या बाजूने नव्हे, दांड्याच्या मागून आवळला जातो. त्याच्या अटॅचमेंटचा शँक मागच्या बाजूला असतो आणि खाच पुढे उघडते. नंतरच्या ६६ वर मात्र नेहमीची, बाजूने बसणारी लो शँक चालते. म्हणजे '६६ साठी' एवढं लिहिलेली पेटी अपुरी माहिती देते. मशीनच्या मागे जाऊन स्क्रू कुठे आहे ते बघितल्याशिवाय ती घेऊ नये. मागून बसणारे तुकडे बाजूने बसवण्याचा खटाटोप करू नका, सुई भोकाच्या मध्यावर कधीच येत नाही.

आता तुकड्यावरचे आकडे. सिंगरच्या अटॅचमेंटवर 'सिमॅन्को' हा शब्द कोरलेला असतो. तो सिंगर मॅन्युफॅक्चरिंग कंपनीचा आखूड शिक्का. त्याच्याजवळ पाच किंवा सहा आकडी क्रमांक असतो. हा क्रमांक फार उपयोगी, पण पूर्ण भरवशाचा नाही, कारण काही वेळा तो अख्ख्या अटॅचमेंटचा नसून तिच्या एका सुट्या भागाचा असतो. रफलरच्या पायावर एक क्रमांक आणि पट्टीवर दुसराच आढळला, तर वस्तू जोडतोड केलेली आहे असं लगेच समजू नका. क्रमांकावरून अंदाज बांधा आणि शँकवरून तो पक्का करा.

क्रमांकाजवळ पेटंटची तारीख असेल तर तिच्यावरून वय काढू नये. उलगडली की सपाट पसरणारी ती देखणी लाकडी पेटी, जिला संग्राहक पझल बॉक्स म्हणतात, तिच्यावर १९ फेब्रुवारी १८८९ ही तारीख दिसते. ती पेटीच्या कल्पनेच्या पेटंटची तारीख आहे. त्यानंतर वर्षानुवर्षं त्याच तारखेच्या पेट्या बनत राहिल्या. पेटंट ग्राइस्ट यांचं. त्यांची न्यू हेवनची ग्राइस्ट कंपनी सिंगरखेरीज इतर मशीनवाल्यांसाठीही अटॅचमेंट बनवत असे. त्यामुळे वेगळ्या नावाच्या पेटीत हुबेहूब सिंगरसारखा काजाचं यंत्र निघालं, तर नवल नाही. शँक जुळला तर ते तितकंच चांगलं चालतं. व्हाइट कंपनीच्या जुन्या रोटरी मशीनच्या अटॅचमेंट मात्र सिंगरला बसत नाहीत आणि सिंगरच्या त्यांना बसत नाहीत. बर्निनाच्या ५३०, ७३०, ८३० या मशीनला तर शंकूच्या आकाराचा स्वतःचाच शँक आहे.

पेटीतला सगळ्यात मोलाचा तुकडा आमच्या मते रफलर. लो शँकचे दोन क्रमांक सहज आढळतात, ८६६४२ आणि १२०५९८. दिसायला बोजड, पण रचना समजली की साधा. एका बाजूला बेचकं असतं, ते सुई आवळायच्या स्क्रूवर बसतं. सुई खालीवर झाली की बेचकं हलतं आणि वरची दातेरी निळसर पोलादी पट्टी कापड ढकलते. वरच्या बाजूला एका पट्टीवर १, ६, १२ आणि तारा अशा खुणा असतात. १ वर ठेवलं तर प्रत्येक टाक्याला एक चुणी, ६ वर सहा टाक्यांनी एक प्लीट (रुंद घडीची चुणी), १२ वर बारा टाक्यांनी. ताऱ्यावर रफलर थांबतो आणि नुसती सरळ टीप पडते. त्यामुळे थोडा भाग चुण्यांचा आणि थोडा साधा असं शिवताना अटॅचमेंट काढावी लागत नाही, ही सोय आजच्या नव्या रफलरांतही याच पद्धतीने आली आहे.

लावताना सुई सर्वांत वर आणा. शँक आणि बेचकं एकाच वेळी बसवा आणि आधी दांड्याचा स्क्रू आवळा. मग चाक हाताने हळू पूर्ण एक फेरी फिरवा. १ च्या खुणेवर ही एक फेरी पुरते. ६ वर सहा, १२ वर बारा फेऱ्या फिरवायलाच हव्यात, नाहीतर ढकलणारा टाका तपासलाच जात नाही. कापड कुठे घालायचं यात बहुतेकांची चूक होते. चुण्या पाडायचं कापड दोन निळ्या पट्ट्यांच्या मध्ये, आणि ज्याला फ्रिल जोडायची ते साधं कापड दोन्ही पट्ट्यांच्या खाली, मशीनच्या कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांवर. उलट घातलं तर साध्या कापडालाच चुण्या पडतात. १ वर काम करताना प्लीटची खोली ठरवणारा छोटा बोटासारखा भाग बाजूला सारून ठेवावा, तो प्लीटसाठी आहे. चुण्यांची दाटी रफलरच्या स्क्रूवर आणि टाक्याच्या लांबीवर अवलंबून असते. टाका आखूड केला की चुण्या जवळ येतात.

किती कापड लागेल हे अंदाजाने ठरवू नका. त्याच कापडाची ३० सेंटिमीटर पट्टी रफलरमधून काढा आणि मोजा. ती १५ सेंटिमीटर झाली तर दुप्पट कापड हवं, म्हणजे दोन मीटर फ्रिलला चार मीटर पट्टी. १० झाली तर तिप्पट. स्क्रू एक वळसा फिरवलात तर हे माप पुन्हा घ्या.

रफलर घेताना निळ्या पट्ट्या सर्वांत आधी बघा. वरच्या पट्टीचे दात झिजले असतील तर कापड मधूनच निसटतं आणि फ्रिल एकीकडे दाट, एकीकडे विरळ होते. पट्टी वाकली असेल तर सुई तिच्या कडेला घासते, आणि हाताने फिरवताना येणारा तो बारीक 'टिक' आवाज वेळीच ऐकला नाही तर सुई मोडते. पट्ट्यांवर खोल गंज असेल तर तो रफलर सोडून द्यावा. बाकीच्या भागांवरचा गंज निघतो, पण पातळ स्प्रिंगचा पोलाद खाल्ला गेला की त्याची लवचीकता परत येत नाही.

काजाच्या यंत्रात निवड करायची ती साच्यांचं आणि बिनसाच्यांचं, यांत. १२१७९५ हे बिनसाच्यांचं, लो शँकचं. काजाची लांबी स्क्रूने ठरवायची, काज सरळच निघतं. लांबी हवी तशी घेता येते हा त्याचा गुण, पण एकाच सदऱ्यावर सात काजं सारखी काढताना मापाकडे डोळे लावून बसावं लागतं. १६०५०६ हे साच्यांचं, लो शँकचं. स्लँट मशीनसाठी तसंच १६०७४३. धातूचे छोटे साचे आत बसतात आणि साचा जसा फिरेल तसं काज निघतं, टोकाला गोल डोळा असलेलं कोटाचं काजही. आमचा कौल निःसंशय साच्यांच्या यंत्राला. दोन्ही क्रमांकांचे साचे एकमेकांत चालतात. सुटे साचे नंतर मिळाले तर घेऊन ठेवावेत.

साच्यावरची मापं इंचात असतात. बटणाचा व्यास अधिक जाडी, एवढं काज लागतं. ५/८ लिहिलेला साचा म्हणजे जवळपास १६ मिलिमीटर. घुमटासारख्या बटणाला सपाट बटणापेक्षा मोठा साचा लागतो, हे व्यास मोजून कळत नाही. कागदाची पट्टी बटणाभोवती गुंडाळून मोजा आणि त्याचं निम्मं घ्या.

हे यंत्र कापड स्वतःच हलवतं, म्हणून मशीनचे दाते कामातून बाजूला काढावे लागतात. २०१ वर दाते खाली जातात. २२१ वर ती सोय नाही, तिथे दात्यांवर झाकणपट्टी बसवायची. लो शँकच्या पेटीत ती १२१३०९ क्रमांकाची असते. पट्टी हरवलेली पेटी स्वस्त मिळते आणि मग घरी आल्यावर काज एका जागी गोळा होऊन बसतं. ४०१ आणि ५०० वर दाते खाली जात नाहीत, खटका फिरवून सुईची प्लेट वर उचलावी लागते. झिगझॅग मशीनवर हे यंत्र लावताना टाक्याची रुंदी शून्यावर आणि सुई मध्यभागी हवी. एवढं राहिलं की सुई थेट धातूवर आपटते.

साचा बसवल्यावर वरची मूठ फिरवून काज सुरू व्हायची जागा समोर आणा. टाक्याच्या रुंदीचा खटका अरुंदकडे ठेवून एक फेरा पूर्ण करा, मग त्याच रेषेवर दुसरा फेरा. पहिला फेरा कापड धरून ठेवतो, दुसऱ्याने काज भरतं. एकाच फेऱ्यात घट्ट काज काढायच्या नादात रुंदी वाढवली तर मधली कापायची जागा उरत नाही. मशीनवरची टाक्याची लांबी इथे काही कामाची नाही, दाते झाकलेले असल्यामुळे टाक्यांची दाटी यंत्राची चाकंच ठरवतात. कापड सरकत असेल तर दोष बहुतेक वेळा फूटच्या दाबात असतो. दाब थोडा वाढवा. सैल विणीच्या किंवा एकेरी पातळ कापडाला आतून कॅनव्हास किंवा पातळ पेस्टिंग लावल्याशिवाय सुरुवात करू नये.

मूठ फिरतच नसेल तर यंत्र बिघडलंय असं समजू नका. आत जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं असतं. केस वाळवायच्या यंत्राने बाहेरून कोमट करा, मशीनच्या तेलाचे एक-दोन थेंब सोडा, मूठ थोडी पुढेमागे करत राहा. जोर लावून फिरवली तर आतले दाते तुटतात, आणि तुटलेल्या चाकाला सुटा भाग मिळणं जवळपास अशक्य.

कडेला गोट लावणारा बाइंडर हा सर्वांत जास्त गैरसमज झालेला तुकडा. लो शँकचा १६०३५९ आणि स्लँटचा १६०६२४ हे दोन्ही अनेक खाचांचे आहेत. घरी कापलेली न दुमडलेली उरेब (धाग्याला तिरपी कापलेली) पट्टी फक्त एकाच रुंदीची चालते, १५/१६ इंच, म्हणजे जेमतेम २४ मिलिमीटर. दुमडलेल्या तयार पट्टीसाठी पाच खाचा आहेत: १/४, ११/३२, ३/८, ७/१६ आणि १/२ इंच. गोट वाकडा येतो तो अटॅचमेंटमुळे नव्हे, पट्टी २४ ऐवजी २६ मिलिमीटर कापल्यामुळे, किंवा ती खऱ्या उरेबात न कापल्यामुळे. पट्टीचं टोक लांब निमुळतं कापून आत घाला आणि टाचणीने पुढे ओढा. सुईखाली पट्टी पोहोचल्यावरच मुख्य कापड मधल्या खाचेत शिरवा. बाहेरच्या वळणावर कापड ओढू नका, हाताने फक्त दिशा द्या.

३६८६५ हा एज-स्टिचर, कडेला टीप घालणारा. पाच खाचा, क्रमांक टाकलेल्या. वरचं कापड १ मध्ये आणि खालचं ४ मध्ये ठेवलं की दोन लेस किंवा लेस आणि कापड किंचित एकावर एक येऊन अगदी कडेला टीप पडते. पाइपिंगची पट्टी ३ मध्ये जाते. लेसचं काम करणाऱ्याने रफलरनंतर हाच घ्यावा. लेस न करणाऱ्याला मात्र तो पेटीत पडून राहील.

कड दुमडून शिवणाऱ्या हेमरचे दोन प्रकार पेटीत असतात आणि त्यांची गुणवत्ता एकसारखी नाही. ३५८५७ हा अरुंद हेमर उत्तम आहे. सुरुवातीचे ५ सेंटिमीटर कापड ३ मिलिमीटरच्या दोन दुमडींनी हाताने घडवून घ्या, चार टाके मारा, मग कड गोगलगायीच्या शंखासारख्या वळणात सोडा आणि सुरुवातीचे दोरे मागून धरा. कड जास्त भरली तर दुमड दुहेरी होऊन गोळा होते, कमी भरली तर कच्ची कड बाहेर डोकावते. ओढणी, दुपट्टा, रुमाल यांना हा योग्य. आडव्या शिवणीची जाड गाठ मात्र यातून जात नाही. तिथे शिवणीतलं जास्तीचं कापड तिरपं छाटून टाकावं. ३५९३१ हा मापाचा हेमर ३/१६ ते १५/१६ इंच रुंद हेम घालतो. मापाची पट्टी सरकवून स्क्रू आवळायचा. सरळ धाग्यावर कापलेल्या चादरी-पडद्यांना तो छान, तिरप्या कडेला मात्र हेम पिळून येतं, तेव्हा तिथे हाताने दुमडलेलंच बरं.

चुण्यांचा छोटा फूट, १२१४४१, पातळ कापडाला सौम्य चुण्या देतो. टाका लांब आणि वरच्या दोऱ्याचा ताण जास्त केला की चुण्या वाढतात. जाड कापडावर त्याच्याकडून काही अपेक्षा ठेवू नये. टक (शिवलेली बारीक घडी) पाडायची खूण करणारा ३६५८३ नाजूक आहे, त्याच्या पट्ट्या बहुतेक वाकलेल्या मिळतात.

झिगझॅगर हा सरळ मशीनला झिगझॅग शिकवणारा तुकडा. १६०९८५ लो शँकसाठी, १६११०२ स्लँटसाठी. आतला साचा बदलला की टाक्याचा नमुना बदलतो. तो सुई हलवत नाही, कापडच डावी-उजवीकडे सरकवतो, म्हणून वेग कमी ठेवावा लागतो. सजावटीच्या टीपेसाठी घ्यावा. कापडाची कड बांधायला रोज वापरणार असाल तर हात दुखतील, आणि त्या कामासाठी झिगझॅग मशीन सरळ बरं.

लो शँकच्या अटॅचमेंट हाय शँक मशीनवर बसवायला जोडतुकडे मिळतात. नुसत्या फूटसाठी ते ठीक चालतात. रफलर, काजाचं यंत्र, झिगझॅगर या बेचक्याच्या तुकड्यांना मात्र ते बेभरवशाचे, कारण सुईचा स्क्रू आणि अटॅचमेंट यांच्यातलं अंतर मशीनगणिक बदलतं. बेचकं सुटलं की पट्टी थांबते आणि सुई तिच्यावर पडते.

साफसफाईला रॉकेल आणि जुना टूथब्रश पुरतो. रात्रभर बुडवून ठेवा, पुसा, हलणाऱ्या सांध्यांना मशीनचं तेल द्या आणि रद्दी कापडावर चार-पाच टिपा मारून तेल उतरवा. व्हिनेगर निळ्या पट्ट्यांना लावू नये, वरचा निळा मुलामा उतरतो आणि गंज नव्याने धरतो. हेमरच्या वळणात सॅन्डपेपर घालू नका, बारीक ओरखडेही रेशमाचे धागे ओढतात. जाड दोऱ्याला पॉलिश लावून तो वळणातून पुढेमागे ओढला की आतली बाजू गुळगुळीत होते. निकेलचा मुलामा पापुद्र्यासारखा सुटत असेल आणि सुटलेली कड कापडाच्या वाटेवर असेल, तर तो तुकडा पातळ कापडाला वापरू नये.

नवा तुकडा घरी आल्यावर सुईत दोरा न ओवता, फूटखाली पातळ पांढरा कागद ठेवून चाक हाताने दहा वेळा फिरवा. कागदावरची भोकं अटॅचमेंटच्या भोकाच्या मध्यावर आली पाहिजेत. ती एका कडेला सरकली असतील तर शँकचा स्क्रू सैल करून तुकडा पुन्हा वर दाबून बसवा. तरीही सरकलीच, तर शँक तुमच्या मशीनचा नाही.